सकाळी स्तूप, दुपारी वाळू : पवनीची एक दिवसाची सहल

शाळांना सुट्या लागल्या, की आपल्या वस्त्यांमधून घरोघरी एकच प्रश्न निघतो. पोरांना न्यायचे कुठे? फुटाळा पाहून झाला, अंबाझरी झाली, महाराजबागेतले प्राणी तर आता मुलांना नावाने ओळखत असतील. ज्यांची ऐपत आहे ते गोव्याला जातात, समुद्राच्या पाण्यात उभे राहून फोटो काढतात आणि वर्षभर दाखवतात. बाकीच्यांनी काय करावे? नागपूरला समुद्र नाही. देशाच्या मध्यावर वसलेल्या गावाला समुद्र कुठून मिळणार!

तिकडे ग्रीस देशात लोक एक छान गोष्ट करतात. अथेन्स शहरापासून सुमारे ७० किलोमीटरवर सुनिऑन नावाचे भूशिर आहे. तेथे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात बांधलेल्या समुद्रदेवतेच्या मंदिराचे पांढरे खांब कड्यावर उभे आहेत आणि त्या कड्याखाली समुद्राची वाळू आहे. कुटुंबे सकाळी घरून निघतात, मुलांना ते खांब दाखवतात, दुपारी वाळूत बसून शिदोरी सोडतात, पाण्यात डुंबतात आणि रात्री घरी परततात. इतिहास आणि आंघोळ एकाच दिवसात, एकाच भाड्यात. हे वाचले तेव्हा आम्ही पाच घरची मंडळी हिशेब करायला बसलो. अथेन्सहून सुनिऑन जेवढे दूर, जवळजवळ तेवढेच नागपूरहून पवनी दूर आहे. पवनीला मंदिराच्या खांबांऐवजी स्तूप आहेत आणि समुद्राऐवजी वैनगंगा. मग आपण आजवर का गेलो नाही?

ग्रीकांचे नाव निघाले म्हणून थोडे विषयांतर करतो. हे लोक आपल्याला परके नाहीत. आपल्या जुन्या वाङ्मयात त्यांना योन किंवा यवन म्हटले आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत ग्रीक राजांची नावे आली आहेत आणि अफगाणिस्तानात कंदाहारला अशोकाचा लेख चक्क ग्रीक भाषेत सापडला आहे. कार्ल्याच्या लेण्यातील खांब ज्यांनी दान दिले, त्यांत कित्येक जण स्वतःला यवन म्हणवतात. राजा मिलिंद ग्रीकच होता. भदंत नागसेनांना त्याने विचारलेले प्रश्न ‘मिलिंद पन्ह’ या ग्रंथात आहेत. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) महाविद्यालयाला बाबासाहेबांनी मिलिंदाचे नाव दिले आणि त्या परिसराला नागसेनवन म्हटले. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा असे दोघे शेजारी ठेवले. तेव्हा ग्रीकांची सहलीची चाल आपण उचलली, तर ती उसनवारी म्हणता येणार नाही.

पवनी हे भंडारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. नागपूरहून उमरेड, भिवापूर करीत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. तीन बाजूंनी जुना तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा, अशी गावाची बांधणी आहे. नदीच्या काठी घाट आहेत. बाजाराच्या दिवशी गेलात तर गाव एखाद्या साध्या तालुक्याच्या गावासारखेच वाटेल. पण या गावाच्या अवतीभवती तीन टेकड्या आहेत : जगन्नाथ टेकडी, चांडकापूरची हरदोलाला टेकडी आणि सुलेमान टेकडी. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना टेकड्याच म्हणत आले. १९६९-७० साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी मिळून येथे खोदकाम केले. डॉ. शां. भा. देव आणि ज. प. जोशी हे त्याचे प्रमुख होते. पहिल्या दोन टेकड्यांच्या पोटात विटांचे प्रचंड स्तूप निघाले. त्याचा अहवाल १९७२ साली विद्यापीठाने छापला. पुढे १९९४ मध्ये अमरेंद्र नाथ यांनी पुन्हा येथे उत्खनन केले.

जगन्नाथ टेकडीतील स्तूपाचा व्यास ३८.२० मीटर भरला आणि चांडकापूरच्या स्तूपाचा ४१.६० मीटर. आकडे वाचून मुलांना काही कळत नाही, हा आमचा अनुभव. म्हणून त्यांना सांगितले : दीक्षाभूमीचा घुमट व्यासाने सुमारे १२० फूट आहे, सांचीचा मोठा स्तूपही तेवढाच. जगन्नाथ टेकडीचा स्तूप सव्वाशे फुटांचा आणि चांडकापूरचा त्याहून मोठा. मुलांचे डोळे विस्फारले. जाण्याच्या आदल्या रविवारी आम्ही वस्तीतल्या मैदानावर एक खुंटी ठोकली आणि १९ मीटर दोरीने गोल काढायचा ठरवले. दोरी काही मिळेना. तेव्हा एका आजींनी आपली दोन नऊवारी लुगडी एकमेकांना बांधून दिली. तरीही पाच-सहा हात कमीच पडले! उरलेले माप ओढणीने पुरे केले आणि चुन्याने गोल आखला. सगळी मुले त्या गोलात उभी राहिली तरी अर्ध्याहून अधिक जागा रिकामी होती. ही युक्ती इतर वस्त्यांनीही करून पाहावी. पवनीला गेल्यावर समोर मातीचा उंचवटा दिसतो, तेव्हा या चुन्याच्या गोलाची फार मदत होते.

दुसरी तयारी म्हणजे अजब बंगला. नागपूरचे हे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचे. पवनीला सापडलेला महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा छायास्तंभ, म्हणजे त्याच्या स्मरणार्थ उभारलेला दगडी खांब, येथेच आणून ठेवला आहे. क्षत्रप ही पदवी मूळ इराणकडची, ती शक राजांबरोबर आपल्याकडे आली. वायव्येकडून आलेल्या माणसाचे नाव वैनगंगेच्या काठी दगडावर कोरले गेले, यावरून पवनीचे व्यापारी महत्त्व काय असेल याचा अंदाज बांधता येतो. संग्रहालय उघडे आहे की नाही आणि कोणती दालने पाहता येतात याची चौकशी मात्र आधी करावी. मुलांना घेऊन बंद फाटकासमोर उभे राहण्यात काही अर्थ नाही.

पवनीच्या कठड्याचा सर्वांत सुंदर खांब नागपुरात नाही, तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यावर मुचलिंद नाग कोरला आहे. ज्ञानप्राप्तीनंतर तथागत ध्यानात बसले असता वादळ-पाऊस झाला आणि मुचलिंद नागराजाने आपल्या फण्याचे छत्र त्यांच्यावर धरले, ती ही कथा. मात्र पवनीच्या खांबावर तथागतांची मूर्ती नाही. नागाच्या फण्याखाली नुसते आसन आहे, रिकामे. त्या काळी बुद्धाची मूर्ती करीत नसत. आसन, बोधिवृक्ष, चक्र, पावले यांवरूनच समजून घ्यायचे. आम्ही या खांबाचे चित्र मोबाइलवर मुलांना दाखवले. एका लहानग्याने विचारले, “बुद्ध कुठं गेले?” त्याच्या ताईने उत्तर दिले, “आहेत रे, दिसत नाहीत.” इतके नेमके उत्तर आम्हा मोठ्यांना सुचले नसते.

१९५६ सालच्या १५ ऑक्टोबरला नागपुरातील भाषणात बाबासाहेबांनी धम्मदीक्षेसाठी हेच शहर का निवडले हे सांगताना नाग लोकांचा आणि नाग नदीचा उल्लेख केला होता. भारतात बुद्धाचा धम्म पसरविण्याचे काम नाग लोकांनी केले, असे ते म्हणाले. पवनीचे उत्खनन त्यानंतर तेरा वर्षांनी झाले. नागाचा तो खांब बाबासाहेबांना पाहायला मिळाला नाही.

आता प्रत्यक्ष सहलीकडे वळतो. जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही भाड्याच्या क्रूझरने निघालो. गणेशपेठच्या बसस्थानकावरून पवनीला एस.टी.ही मिळते. पूर्वी नागपूर-नागभीड ही छोटी गाडी या बाजूने जात असे. पवनी रोड नावाचे स्थानकही तिच्या वाटेवर होते. रुळांच्या रुंदीकरणासाठी ती गाडी २०१९ मध्ये बंद झाली. आमच्यातल्या ज्येष्ठांनी तिच्या आठवणी काढून उमरेडपर्यंतचा रस्ता संपवला. भिवापूरला थांबलो ते मिरचीसाठी. येथल्या मिरचीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. वाटेत कऱ्हांडल्याच्या अभयारण्याच्या पाट्या लागतात. वाघाच्या मोहात पडू नये. वाघ दिसेल की नाही ठाऊक नाही आणि स्तूप मात्र नक्की राहून जाईल.

साडेआठला जगन्नाथ टेकडीवर पोहोचलो. टेकडीवर जगन्नाथाचे मंदिर आहे, त्यावरूनच तिचे नाव पडले. तेथे भाविक येतात, त्यांची श्रद्धा त्यांच्यापाशी. आपण शांतपणे जावे, शांतपणे पाहावे. वाद घालायला सहलीचा दिवस नव्हे.

आणि वाचकहो, सरळच सांगायचे तर सांची पाहून आलेल्या माणसाचा येथे पहिल्या क्षणी विरस होतो. तोरण नाही, कठडा नाही, घुमट नाही. गवत आहे, माती आहे, विटा आहेत. कोरीव दगड जे निघाले ते संग्रहालयांत गेले. लुगडी देणाऱ्या आजी बरोबर आल्या होत्या. त्या टेकडीच्या पायथ्याशी बसूनच म्हणाल्या, “येवढ्या दुरून माती पाहाले आणलं काय बाप्पा तुम्ही?” सगळे हसले. पण प्रश्न खरा होता आणि त्याचे उत्तर द्यायला हवे होते.

उत्तर त्या संग्रहालयात गेलेल्या दगडांवर आहे. पवनीच्या कठड्याचे खांब आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या शिळा एकट्या राजाने बसवलेल्या नाहीत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकात साध्या माणसांनी एकेक दगड दान दिला आणि ब्राह्मी लिपीत आपले नाव त्यावर कोरून घेतले. त्यांत नाग नावाचा एक जण आहे. त्याने आपल्या नावापुढे पंचनिकायिक असे विशेषण लावले आहे. म्हणजे पाचही निकाय ज्याला अवगत आहेत असा. आज आपल्या विहारांत सुत्तपिटकाचे जे पाच निकाय आपण सांगतो, त्यांची नावनिशी वैनगंगेच्या काठच्या दगडावर दोन हजार वर्षांपूर्वी होती! त्या काळी ग्रंथ छापलेले नव्हते. पाच निकाय अवगत असणे म्हणजे ते मुखोद्गत असणे. दीघनिकायातले एखादे लांब सुत्त पाठ करून पाहा, म्हणजे या नागाची किंमत कळेल.

दुसरा लेख एका स्त्रीचा आहे. तिचे नाव विसमिता. ती एका गुरूची अंतेवासिनी, म्हणजे शिष्या होती. तिने दान दिले आणि त्याखाली कोरवून घेतले, की हे दान सर्व प्राणिमात्रांच्या सुखासाठी असो. दानलेख आपल्याकडे शेकड्यांनी सापडले आहेत. पुष्कळांत नाव असते, गाव असते, आणि ‘दान’ एवढाच शब्द असतो. आईबापांसाठी, सर्व जिवांसाठी असे हेतू लिहिण्याची चाल पुढच्या काळात वाढत गेली. इतक्या जुन्या काळी सगळ्या जिवांच्या सुखाची इच्छा दगडावर लिहिणारी माणसे थोडी, आणि त्या थोड्यांत ही आपल्या वैनगंगेकाठची बाई आहे. तिचे गाव, तिचे घराणे, तिचे वय, काही कळत नाही. राणी असती तर ती राणी म्हणून नोंदली गेली असती. ती शिकणारी होती, एवढेच तिने स्वतःबद्दल सांगितले.

आम्ही हे टेकडीवर उभे राहून मुलांना सांगितले. आमच्यातील एक ताई गेली वीस वर्षे विहारात बालसंस्काराचा वर्ग घेतात. त्यांनी मुलांना वहीत प्रत्येकी एक दगड काढायला लावला आणि त्यावर आपले नाव आणि दान कशासाठी ते लिहायला सांगितले. कोणी आजीसाठी लिहिले, कोणी परीक्षेत पास होण्यासाठी, एकाने आपल्या कुत्र्यासाठी. पायथ्याशी बसलेल्या आजी उठून वर आल्या. “त्या बाईचं नाव पुन्यांदा सांग,” म्हणाल्या. नाव सांगितले. त्या लिहायला-वाचायला शिकलेल्या नाहीत. त्यांनी नातीच्या वहीत विसमिताच्या शेजारी आपले नाव लिहून घेतले.

येथे एक कडू गोष्ट सांगावीच लागेल. नाव कोरण्याची हौस आजच्या लोकांनाही आहे. विटांवर कोळशाने, खिळ्याने ओरखडलेली नावे आणि बाण-बदाम आपल्याकडे कोणत्या जुन्या वास्तूवर दिसत नाहीत? सुनिऑनच्या खांबावरही इंग्रज कवी बायरनचे म्हणून एक कोरलेले नाव दाखवतात, तेव्हा हा रोग केवळ आपला नाही. पण विसमिताने आधी दगड दिला आणि मग नाव लिहिले. आपल्या मुलांना हा फरक टेकडीवरच समजावावा, घरी येऊन नव्हे. आणि एक वीटही, एक खापरही खिशात घालून आणू नये. आमच्यातल्या एका चिरंजिवांच्या खिशातून तीन खापरे निघाली. ती त्यांनाच जागच्या जागी ठेवायला लावली.

अकरा वाजता ऊन चढले. चांडकापूरची टेकडी आम्ही धावतच पाहिली. तेथे बघण्यासारखे आणखी कमी आहे, पण चुन्याच्या गोलाची आठवण ठेवून तिला एक फेरी घालावी. नंतर रुयाड-सिंदपुरीला महासमाधीभूमीच्या महास्तूपाकडे गेलो. जपानी बौद्ध बांधवांच्या सहकार्याने उभा राहिलेला हा स्तूप पाहून मुलांना ‘पूर्वी पवनीला काय असेल’ याची थोडी कल्पना येते. हा क्रम उलटा करू नये. आधी नवा स्तूप पाहिला तर जुना कोणी पाहणार नाही. सावलीत शिदोरी सोडली. पोळ्या, भरल्या वांग्यांची भाजी, झुणका, भिवापुरी मिरचीचा ठेचा. ठेच्याने दोघांना पाण्याची बाटली रिकामी करायला लावली.

दुपारी तीनला वैनगंगेवर आलो. मुले सकाळपासून याच क्षणाची वाट पाहत होती, हे कबूल केले पाहिजे. वैनगंगेची वाळू ज्याने पाहिली नाही त्याला सांगून कळणार नाही. बारीक, पिवळसर, पायाखाली सरकणारी. मुलांनी चपला फेकल्या. कोणी स्तूप करायला बसले, कोणी खड्डा खणून खालचे पाणी काढू लागले. वाळूचे स्तूप दर पाच मिनिटांनी ढासळत होते. मग एका मुलीच्या लक्षात आले, की ओल्या वाळूचा थर आणि कोरड्या वाळूचा थर असे आलटून पालटून केले तर टिकतो. आमचा एक स्तूप गुडघ्याएवढा झाला, त्याला काड्यांचा कठडाही झाला.

पाण्यात उतरायचे की नाही यावर मात्र मोठ्यांत दोन तट पडले. याचे पहिले कारण धरण. पवनीच्या वरच्या अंगाला वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आहे. त्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. धरणाचे दार उघडले, की खालच्या पात्रातले पाणी थोड्या वेळात चढते. काठावर जाळे सुकवीत बसलेल्या एका ढिवर काकांनी आम्हाला आपणहून हटकले. “पोरं घोट्याच्या वर जाऊ देऊ नका. खालची रेती उपसून डोह झाले, वरून काही दिसत नाही,” ते म्हणाले. नदीकाठच्या माणसाचा शब्द अशा वेळी अंतिम मानावा. पोहता येणाऱ्यांनीही मानावा. पावसाळ्यात तर इकडे फिरकूच नये. २०२० च्या ऑगस्ट अखेरीस याच वैनगंगेने भंडारा जिल्ह्यात काय हाहाकार केला होता ते विसरण्यासारखे नाही.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. आपली नाग नदी अंबाझरीकडून निघून नागपूर शहरातून वाहते. पुढे ती कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते आणि ते सारे पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात येते. नाग नदीत आज काय वाहते हे नागपूरकराला सांगायला नको. आपल्या मोऱ्यांचे, नाल्यांचे पाणी. नाग नदी शुद्ध करण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०२२ मध्ये मंजुरी दिली आहे. ती पूर्ण होईल तेव्हा होईल. तोवर आपण नागपुरात जे सोडतो ते येथल्या लोकांच्या दारात येते. हे लक्षात आल्यावर आमच्यातले ‘उतरू द्या हो पोरांना’ म्हणणारेही गप्प झाले. ज्या नदीचा उल्लेख बाबासाहेबांनी अभिमानाने केला, तिच्या पाण्यात पोराला बुडी मारू देताना आईला दहादा विचार करावा लागतो. मुलांनी घोट्याएवढ्या पाण्यात पाय भिजवले. नंतर घरून आणलेल्या पाण्याने आणि साबणाने त्यांचे हातपाय धुतले. पिण्याचे पाणी तर आम्ही कॅनमध्ये नागपूरहूनच नेले होते.

आजी एकट्याच पाण्याच्या कडेला बसल्या होत्या. त्यांचे माहेर वरच्या अंगाला, वैनगंगेच्या काठी. ते गाव आता धरणाच्या पाण्यात आहे. उन्हाळ्यात या नदीच्या वाळूत डांगरवाड्या लागत. त्यांचे वडील डांगरे, काकड्या, टरबुजे लावत आणि रात्री राखणीला वाळूतच झोपत. लहानपणी आपणही वाळूत झोपलो आहोत, असे त्यांनी आम्हाला प्रथमच सांगितले. शेजारी राहून इतकी वर्षे झाली, पण हे कधी निघाले नव्हते. गाव उठले तेव्हा घराची दारे-खिडक्या काढून नेल्या, भिंती तशाच ठेवल्या. विहाराचा ओटाही तसाच ठेवला. “सकाळी तुमी जे दाखोलं ना टेकडीत, इटा न्‌ माती,” त्या म्हणाल्या, “आमच्या गावचं तसंच झालं असन आता पाण्याखाली. कोनी खोदन तवा त्याले काय भेटन? वटा भेटन.” नातीने विचारले, “त्यावर नाव आहे का कोणाचं?” आजी थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, ओट्यासाठी घरोघरून विटा आणल्या होत्या, नाव कोणी टाकले नाही. मग त्यांनी विटा देणाऱ्या घरांची नावे सांगायला सुरुवात केली. नातीने ती सकाळच्याच वहीत उतरवून घेतली. एकवीस नावे झाली. दोन घरांची आठवेनात.

आमच्या वस्त्यांमध्ये अशी बुडालेली, उठलेली, सोडलेली गावे पाठीवर घेऊन आलेली माणसे पुष्कळ आहेत. त्यांना सहलीला न्यावे. आपण त्यांना ‘गाडीत त्रास होईल’ म्हणून घरी ठेवतो. गाडीत त्रास झाला तो आम्हालाच. आजी परतीच्या वाटेवर गाढ झोपल्या होत्या.

ज्यांना खरा समुद्रच हवा त्यांच्यासाठीही एक वाट सुचवतो. ६ डिसेंबरला आपल्यापैकी हजारो लोक चैत्यभूमीला जातात. त्यानंतर मुंबईत एक दिवस काढता आला, तर दादरहून पश्चिम रेल्वेने नालासोपारा गाठावे. हेच जुने शूर्पारक. येथील स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उघडला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्याला सापडला आणि नवव्याचा तुकडा जवळच्या भुईगावला मिळाला, तो १९५६ साली. सिंहली महावंसात सांगितले आहे, की तिसऱ्या संगीतीनंतर या अपरान्त प्रदेशात धम्मप्रचारासाठी धम्मरक्खित नावाचे थेर आले, आणि ते योन होते, म्हणजे ग्रीक. स्तूप पाहून झाल्यावर राजोडी किंवा कळंबच्या किनाऱ्याला रिक्षा जातात. ग्रीक, स्तूप आणि समुद्र असे तिन्ही एका दिवसात हवे असतील तर ते तेथे आहेत. मात्र ६ डिसेंबरच्या आगेमागे लोकलला गर्दी फार असते. मुले-म्हातारी बरोबर असतील तर सकाळी लवकर किंवा दुपारी निघावे.

पवनीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मार्चनंतर टेकडीवर दहा वाजताच चटके बसतात. टोप्या, पाण्याचे कॅन, साबण, मुलांचे कपड्यांचे दोन जोड, बसायला सतरंजी, कचरा परत आणायला एक रिकामे पोते, एवढे सामान पुरे. टेकडीजवळ सोयी नाहीत, म्हणून बायकांनी पवनी गावातच थांबून घ्यावे. वह्या-पेन्सिली विसरू नयेत. आमच्या वस्तीतील आजींची यादी अजून अपुरी आहे. त्या गावची आणखी दोन-तीन माणसे उमरेडला राहतात असे कळले आहे. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे वही घेऊन जायचे ठरले आहे.